हेक्झा की ट्राय : प्लेटिंगच्या टाकीवरचा वाद

धातूवर चकाकी आणणाऱ्या किंवा गंजाला अडवणारा थर चढवणाऱ्या धंद्यात क्रोमियम दोन रूपांत वापरलं जातं. एक षट्संयुजी, ज्याला कारखान्यात 'क्रोमिक' किंवा 'हेक्झा' म्हणतात. दुसरं त्रिसंयुजी, म्हणजे 'ट्राय'. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रवास जगभर साधारण पन्नास वर्षं चालू आहे आणि अजून अर्ध्या वाटेवरच आहे. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक पट्ट्यांत, जिथे मोटारींचे आणि यंत्रांचे सुटे भाग बनतात, तिथे तो रोजच्या धंद्याचा प्रश्न आहे. पुढचा संवाद या वादाच्या दोन बाजूंचा आहे. त्यातला कारखानदार कोणी एक माणूस नाही. हेक्झाच्या बाजूने केले जाणारे सगळ्यात भक्कम युक्तिवाद त्याच्या तोंडी घातले आहेत. लेखकाची मतं मात्र लेखकाचीच.

कारखानदार : साहेब, आधी एक मान्य करा. ज्या टाकीला तुम्ही विष म्हणता, तिने हा धंदा शंभर वर्षं पोसला आहे. क्रोमिकची टाकी समजूतदार असते. थोडा कचरा पडला, निकेलचं पाणी थोडं आलं, तापमान दोन अंश इकडेतिकडे झालं, तरी ती माल देते. तो निळसर पांढरा चकाकता रंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसलेला आहे. यंत्रांच्या भागांवरच्या जाड हार्ड क्रोमचा कडकपणा दुसऱ्या कशात सहज मिळत नाही. जस्तावरचं पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंज अडवणारा पातळ थर, तर असं आहे की ओरखडा पडला तरी बाजूचा थर त्याला सांभाळून घेतो. असं रसायन नुसतं घातक आहे म्हणून फेकायचं असेल, तर कारखान्यातलं निम्मं सामान फेकावं लागेल. सायनाइड घातक नाही का? गंधकाम्ल नाही का? आपण ती सांभाळून वापरतो. हेक्झाही सांभाळूनच वापरावं, एवढंच माझं म्हणणं.

लेखक : हेक्झाचं कौतुक मला मान्य आहे. विजेच्या साहाय्याने क्रोमियम चढवण्याचा सुरुवातीचा प्रयोग त्रिसंयुजी क्षारातूनच झाला होता. बुन्सेनने १८५४ मध्ये क्रोमियम क्लोराइडचं द्रावण वापरलं. पण त्यातून धंदा उभा राहिला नाही. तो राहिला सत्तर वर्षांनी, १९२०च्या दशकात, कोलंबिया विद्यापीठात फिंक आणि एल्ड्रिज यांनी क्रोमिक ॲसिड आणि सल्फेट यांचं शंभरास एक हे प्रमाण पक्कं केलं तेव्हा. आजही तुमच्या टाकीचा मूळ ठोकताळा तोच आहे : लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आणि अडीच ग्रॅम सल्फेट. आता याच टाकीची दुसरी बाजू पाहू. तिला दिलेल्या विजेतली साधारण १० ते २० टक्केच क्रोमियम चढवण्याच्या कामी येते. उरलेली बरीचशी वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते. ते बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि फुटताना क्रोमिकचे बारीक तुषार हवेत उडवतात. टाकी बिघडली म्हणून हे तुषार उडत नाहीत, ती नीट चालते म्हणून उडतात. सायनाइडशी किंवा गंधकाम्लाशी तुलना इथेच अपुरी पडते. ती विषं चूक झाली की लगेच जाणवतात. अंगावर आम्ल सांडलं तर माणूस ओरडतो. क्रोमिकचे तुषार नाकात गेले तर थोडं चुरचुरतं आणि काम पुढे चालू राहतं.

शरीरात गेल्यावर क्रोमिक काय करतं हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. क्रोमेट आयनाची घडण सल्फेटसारखी असते. पेशीला सल्फेट लागतं, म्हणून ज्या वाटेने ते आत घेतलं जातं त्याच वाटेने क्रोमेटही शिरतं. आत त्याचं क्षपण होतं, सहावरून तीनवर येताना मधल्या अस्थिर अवस्था तयार होतात आणि त्या उलथापालथीत डीएनएला इजा होते. त्रिसंयुजी क्रोमियम ही वाट सहज ओलांडू शकत नाही. दोन रूपांतला मुख्य फरक हा आहे. नोंदीही जुन्या आहेत. ग्लासगोमध्ये क्रोम हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरच्या व्रणांचं वर्णन १८२७ मधलं आहे. अमेरिकेतल्या क्रोमेट कारखान्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण फार जास्त असल्याचा माकल आणि ग्रेगोरियस यांचा अभ्यास १९४८ मधला. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमला माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आणि त्रिसंयुजीला तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसलेल्यांत. तिसरा गट हे निर्दोषपणाचं प्रमाणपत्र नव्हे, हे मीच आधी सांगून ठेवतो. पण दोघांतलं अंतर उघड आहे. आपल्या कारखाना कायद्यातही क्रोमचे व्रण सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होते. त्यामुळे धोका माहीत नव्हता असं म्हणायला कोणाला जागा नाही.

कारखानदार : धोका नाही असं मी कधी म्हटलं? नियंत्रण आहे असं म्हटलं. टाकीच्या कडेला एक्झॉस्ट लावतो, त्यामागे स्क्रबर. पाण्यावर फेस धरणारं रसायन टाकतो, म्हणजे तुषार दबतात. कामगाराला हातमोजे, ॲप्रन, गमबूट देतो. धुवण्याचं पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, जातं, तिथे हेक्झाचं ट्राय करतो आणि गाळ तळोजा नाहीतर रांजणगावला पाठवतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत आम्ही लाल गटात आहोत, तपासणी होते. हे सगळं नीट केलं तर हेक्झा आणि ट्राय यांत फरक काय उरला?

लेखक : 'नीट केलं तर' या तीन शब्दांवर तुमचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून त्याकडेच नीट पाहू. पहिली गोष्ट हवेतल्या मर्यादेची. आपल्या कारखाना कायद्याला १९८७ मध्ये जी दुसरी अनुसूची जोडली, तिच्यात क्रोमिक ॲसिड आणि क्रोमेटसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम होती. अमेरिकेतही जुनी मर्यादा साधारण तेवढीच, ५२ होती. २००६ मध्ये तिथल्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा यंत्रणेने ती ५ वर आणली. आणली तेव्हा या यंत्रणेने स्वतःच अंदाज दिला की ५ मायक्रोग्रॅमच्या हवेत ४५ वर्षं काम केलेल्या दर हजार कामगारांमागे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे १० ते ४५ जादा मृत्यू संभवतात. मग मर्यादा त्याहून खाली का नेली नाही? कारण त्याखाली जाणं बहुतेक उद्योगांना तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाने झेपणार नाही असं ठरलं. म्हणजे सगळं नीट केलेला, एक्झॉस्टची मोजमापं ठेवणारा अमेरिकी कारखानासुद्धा कामगाराला बिनधोक करत नाही. परवडेल तेवढाच धोका कमी करतो. आपली १९८७ची मर्यादा त्याच्या दहापट सैल होती.

दुसरी गोष्ट फेस धरणाऱ्या रसायनाची. वर्षानुवर्षं ते काम पीएफओएस या फ्लोरिनयुक्त द्रव्याने केलं. क्रोमिकसारख्या तिखट द्रावणात टिकणारं दुसरं फार काही नव्हतं, आणि जे क्रोमिकमध्ये टिकतं ते नदीतही टिकतं. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीएफओएसला टिकाऊ प्रदूषकांच्या यादीत घातलं आणि अमेरिकेत क्रोमच्या टाक्यांतला त्याचा वापर २०१५ पासून बंद झाला. एका विषाचे तुषार दाबायला आपण दुसरं विष नदीत सोडत होतो. तिसरी गोष्ट ईटीपीची. षट्संयुजीचं त्रिसंयुजी करायला आधी आम्ल घालून पीएच दोन-अडीचवर आणावा लागतो, मग मेटाबायसल्फाइट. एक किलो षट्संयुजी क्रोमियमला कागदावरच्या हिशेबाने पावणेतीन किलो मेटा लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. पीएच चार-पाचवर सरकला तर क्रिया इतकी मंदावते की टाकीत वेळेत काही होत नाही. प्रोबवर गाळ बसला, मेटा ओल लागून मेलेलं निघालं, रात्रपाळीला ऑपरेटर नवखा असला, यांतलं काहीही एक पुरे. बाहेर सोडायच्या पाण्यात मुभा आहे लिटरला ०.१ मिलिग्रॅमची, आणि तुमच्या टाकीत आहे लिटरला सुमारे १३० ग्रॅम क्रोमियम. मधलं तेरा लाख पटींचं अंतर धुवण्याच्या टाक्यांनी, एका पीएच मीटरने आणि एका माणसाने रोज कापायचं आहे.

आणि हे फक्त आपल्याकडच्या छोट्या शेडमध्ये चुकतं असंही नाही. मिशिगन राज्यात विक्सम नावाचं गाव आहे. तिथे मोटारींच्या प्लास्टिक भागांवर क्रोम चढवणाऱ्या कारखान्यातून जुलै २०२२ मध्ये षट्संयुजी क्रोमियम असलेलं हजारो लिटर द्रावण गटारात गेलं. राज्याच्या पर्यावरण खात्याने बजावलेल्या नोटिशीप्रमाणे त्या दिवशी धोक्याची सूचना देणारा अलार्म सुमारे तीन तासांत ४६० वेळा बंद केला गेला होता. सुदैवाने बरंचसं क्रोमियम सांडपाणी केंद्राच्या गाळण्यांत अडकलं, हेही सांगायला हवं. पण यंत्रणा होती, अलार्म होता, कायदा कडक होता. आणि बटण दाबणारा माणूस होता.

कारखानदार : ठीक. पण मग तुमच्या ट्रायचंही पोट फाडून पाहू या. जस्तावरच्या ट्राय पॅसिव्हेशनमध्ये कोबाल्टचे क्षार असतात. युरोपने ते अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकलेत. सजावटी ट्रायच्या टाकीत बोरिक ॲसिड, तेही त्याच यादीत. क्रोमियमला द्रावणात धरून ठेवायला जी सेंद्रिय द्रव्यं घालता, ती ईटीपीतही त्याला धरून ठेवतात, चुना टाकला तरी सहज खाली बसू देत नाहीत. आणि सगळ्यात मोठं : ट्रायचं मीठ येतं कुठून? खाणीतला क्रोमाइट सोड्याबरोबर भाजून आधी डायक्रोमेट करतात, म्हणजे हेक्झाच. मग काकवी नाहीतर सल्फर डायऑक्साइड घालून त्याचं ट्राय बनवतात. तामिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा दीड लाख टनांवर कचरा पडून आहे. कानपूरजवळ रनियाला कातडी कमावण्यासाठीचं बेसिक क्रोम सल्फेट बनवणाऱ्यांनी कचऱ्याचे ढीग टाकले, तिथल्या हातपंपांचं पाणी पिवळं झालं. बेसिक क्रोम सल्फेट म्हणजे तुमचं ट्रायच ना? माझ्या टाकीतलं पाप काढून तुम्ही दुसऱ्याच्या गावात नेऊन ठेवता.

लेखक : रनियाचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण ट्रायच्या प्रचारकांच्या पत्रकांत ते नसतं. तुमचं म्हणणं खरं आहे : बाजारात मिळणाऱ्या ट्रायच्या क्षारांचा जन्म बहुधा हेक्झातूनच होतो. पण तुमच्या क्रोमिकचा जन्मही त्याच भट्टीतून, त्याच डायक्रोमेटमधून होतो. उगमाचं पाप दोघांचं सारखं, मग निवड करताना ते दोन्ही पारड्यांतून वजा होतं. उरतं ते वापराचं पाप. शिवाय ट्रायच्या सजावटी टाकीत लिटरला साधारण ५ ते २५ ग्रॅम क्रोमियम असतं, हेक्झात १३०. जॉब उचलताना त्याला चिकटून जाणारं द्रावण दोन्हीकडे असतंच. एकीकडे त्यात क्रोमियम अनेक पटींनी कमी असतं. डायक्रोमेट बनवणारे कारखाने देशात मोजके. त्यांच्यावर नजर ठेवता येते. राणीपेट आणि रनिया सांगतात की ती ठेवली गेली नाही, आणि तो वेगळा, गंभीर गुन्हा आहे. पण मोजक्यांवर ज्या सरकारला नजर ठेवता आली नाही, ते गल्लोगल्लीच्या हजारो टाक्यांवर ठेवील, या भरवशावर हेक्झा चालू ठेवा असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट निघतो.

बोरिक ॲसिडचं एका वाक्यात : ते तुमच्या निकेलच्या टाकीत पूर्वीपासून आहेच, त्यावर तुमचा आक्षेप आजवर ऐकला नव्हता. कोबाल्टचा मुद्दा मात्र वजनदार आहे. कोबाल्ट असलेल्या ट्रायच्या थरात दमट साठवणीत अत्यल्प हेक्झा तयार होऊ शकतं, असंही आढळलं आहे. म्हणून कोबाल्टविरहित द्रावणं बाजारात आली आणि नव्याने टाकी लावणाऱ्याने तीच मागावीत. सेंद्रिय द्रव्यांचाही मुद्दा खरा. ट्रायचं धुणं इतर पाण्यात न मिसळता वेगळं घेऊन त्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. फक्त तिथे प्रक्रिया फसली तर काय सुटतं ते पाहा. एकूण क्रोमियमची मर्यादा आहे लिटरला २ मिलिग्रॅम, हेक्झाची ०.१. कायद्यानेच दोघांत वीसपटींचा फरक केला आहे आणि तो उगाच केलेला नाही. गाळाबाबत तुम्ही न घेतलेला आक्षेप मीच घेतो : जमिनीतल्या मँगनीज ऑक्साइडच्या संगतीत त्रिसंयुजीचं पुन्हा षट्संयुजी होऊ शकतं, आणि असा गाळ चुन्यासकट उघड्यावर जाळला तर हमखास होतं. म्हणून ट्रायचा गाळही घातक कचऱ्याच्या ठिकाणीच जायला हवा. ट्राय आणलं म्हणून ईटीपी बंद, असं कोणी सांगत असेल तर तो विक्रेता आहे.

कारखानदार : आता कामाचं बोलू. ट्रायची टाकी म्हणजे नखरेल. तांबं, जस्त, लोखंड जरा वाढलं की माल काळपट. टाकीत पडलेला जॉब काढायला उशीर केला तर आठवडा वाया. रेझिनचे कॉलम लावा, रोज विश्लेषण करा, महागडे इरिडियमचे ॲनोड घ्या. तुम्हीच म्हणता माणसाच्या पहाऱ्यावर भरवसा ठेवू नका. मग ट्रायला पहारा जास्त लागतो त्याचं काय?

लेखक : या वादाचा गाभा मला इथेच दिसतो. पहारा दोघांनाही लागतो, हे खरं. पण पहारा चुकला की किंमत कोण मोजतो आणि केव्हा? ट्रायच्या टाकीत लक्ष चुकलं तर त्याच पाळीत माल काळा पडतो. क्वालिटीवाला लॉट परत करतो, तुमचे पैसे जातात, तुम्ही सुपरवायझरला बोलावता आणि दुसऱ्या दिवशी रेझिनचा कॉलम बदललेला असतो. चूक मालकाच्या खिशाला लगेच लागते, म्हणून ती दुरुस्त होते. हेक्झाच्या टाकीत एक्झॉस्टचा पट्टा तुटला तर माल तसाच चकचकीत निघतो. कदाचित थोडा लवकरही, कारण पट्टा दुरुस्तीला लाइन थांबवली नाही. चूक लागते ती कामगाराच्या फुफ्फुसाला, आणि ती कळायला वीस-वीस वर्षं जातात. तोवर तो कंत्राटी माणूस तीन कारखाने बदलून गावी गेलेला असतो. भरपाई मिळणाऱ्या व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत क्रोमियममुळे होणारे आजार आहेत. पण कोणत्या टाकीवरचं क्रोमियम, हे त्याने सिद्ध कसं करायचं? जी चूक मालकाला दिसते ती टिकत नाही; जी दिसतच नाही ती वर्षानुवर्षं टिकते. ट्रायला मी हेक्झाहून चांगलं म्हणतो ते ते सालस आहे म्हणून नव्हे, तर त्याची चूक ज्याच्या हातात ती सुधारण्याची सत्ता आहे त्यालाच दुखवते म्हणून.

दर्जाबद्दलही काही समज जुने झालेत. सजावटी ट्राय बाजारात आलं १९७०च्या दशकाच्या मध्यात. तेव्हाचा माल काळसर होता आणि ती बदनामी अजून चिकटून आहे. आजच्या सल्फेटवर चालणाऱ्या टाक्यांचा रंग हेक्झाच्या इतका जवळ आला आहे की सुटा नग हातात घेऊन सांगणं अवघड. शेजारी ठेवले तर कळतं, हे मान्य. कानाकोपऱ्यात थर पोचवण्यात आणि कडा न जाळण्यात ट्राय सरस आहे. आणि आपल्याकडे ज्याचं मोल कळायला हवं अशी एक गोष्ट : मध्येच वीज गेली तर हेक्झाचा थर पांढुरका, मळकट होतो, ट्राय तो झटका बराच सहन करतं. जस्तावरच्या पॅसिव्हेशनमध्ये तर पारडं उलटंच आहे. पिवळ्या हेक्झाला मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत पांढरा गंज न येता ९६ तासांची अपेक्षा असते. जाड ट्राय आणि वर सीलर असेल तर तेवढे तास मिळतात, बऱ्याचदा अधिकही. जखम भरण्याचा हेक्झाचा गुण खरा, पण ६०-७० अंशांच्या पुढे तापवलं की तो थर सुकतो, तडकतो आणि त्याचं संरक्षण बरंच घटतं. ट्राय १२० अंशांची भाजणी सोसून चाचणीला उभं राहतं. इंजिनाशेजारी बसणाऱ्या बोल्टला कोणतं हवं ते तुम्हीच सांगा.

कारखानदार : मी सांगून काय उपयोग? ड्रॉइंगवर 'झिंक प्लेटेड यलो' लिहिलेलं असतं. निरीक्षक लांबूनच पिवळा रंग बघतो आणि पास करतो. मी ट्राय केलं तर माल फिकट, हिरवट दिसतो. मग म्हणतात पॅसिव्हेशनच नाही, पुन्हा ट्रायमध्ये पिवळा रंग मिसळून द्या. बॅरलच्या मालाला किलोवर दर मिळतो, तो पाच वर्षांत हलत नाही. रसायन महाग, हीटर लावून टाकी ६० अंशांवर ठेवा, दर तोच. आणि तुमच्या या सगळ्यात हार्ड क्रोम कुठे आहे? शॉकॲब्सॉर्बरचा रॉड, हायड्रॉलिकचा रॉड, छपाईचा सिलिंडर, यांवर शेकडो मायक्रॉनपर्यंतचा, हजार व्हिकर्सच्या आसपासचा थर लागतो. आणि प्लास्टिकवर क्रोम चढवताना आधी एबीएस प्लास्टिकला क्रोमिक-सल्फ्युरिकने खरवडावं लागतं. तिथे वरची टाकी ट्राय केली तरी खालची हेक्झाच.

लेखक : हार्ड क्रोमवर मी माघार घेतो, पण अर्धीच. जाड त्रिसंयुजी थर फुटतो, त्यात कार्बन शिरतो, हवा तो कडकपणा यायला बहुधा वर भाजावं लागतं. अमेरिकेत फॅरेडे टेक्नॉलॉजी या कंपनीला स्पंदित विजेवर चालणाऱ्या त्रिसंयुजी हार्ड क्रोमसाठी २०१३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला, तरी टाक्या अजून घाऊक बदललेल्या नाहीत. विमानांच्या लँडिंग गिअरवर टंगस्टन कार्बाइडची उष्ण फवारणी चालते, पण ती नजरेच्या रेषेतल्या पृष्ठभागावरच. अरुंद नळीच्या आत ती पोचत नाही. एबीएस खरवडण्याला परमँगनेटवर आधारलेले पर्याय आलेत, पण ते अजून सरसकट रुळलेले नाहीत. म्हणजे काही कामांत हेक्झा आणखी काही वर्षं राहील. पण त्या कामांच्या आडोशाला सायकलच्या हँडलनं आणि नळाच्या तोटीनं का लपावं? कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये हाच फरक केला : सजावटी हेक्झा २०२७च्या सुरुवातीला बंद, बंदिस्त इमारतीची अट पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत, आणि हार्ड क्रोमसारख्या कामांना २०३९. युरोपने उलट चूक केली. तिथे क्रोमिकचा वापर २१ सप्टेंबर २०१७ नंतर परवान्याशिवाय बंद होता, पण अनेक वापरांना एकत्रित, ढोबळ परवानगी दिली गेली. युरोपीय संसदेने दाद मागितली आणि एप्रिल २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ती परवानगी बऱ्याच अंशी रद्द केली. सगळ्यांना एकाच दोरीने बांधलं की काय होतं याचा तो धडा आहे.

आपल्याकडे बदल अर्ध्यावर का अडला, याचं कारणही कायद्याच्या घडणीत आहे. युरोपच्या २००६ पासूनच्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या नियमांनी, वाहनांच्या नियमांनी आणि आपल्या ई-कचरा नियमांनी मालात उरलेल्या हेक्झाला मर्यादा घातली. उपकरणांत ती वजनाच्या ०.१ टक्का. पिवळ्या पॅसिव्हेशनच्या थरात हेक्झा उरतं, म्हणून निर्यातीचा माल झपाट्याने ट्रायवर गेला. पण क्रोम प्लेटिंगमध्ये जॉबवर बसतो तो निव्वळ धातू. हेक्झा टाकीतच राहतं, हवेत जातं, पाण्यात जातं, जॉबवर नसतं. तो नळ किंवा ते हँडल कोणत्याही चाचणीत स्वच्छ निघतं. कायद्याने गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू सांभाळली, टाकीवरचा हात सांभाळला नाही. म्हणून सजावटी क्रोमसाठी टाकीवरच बंदी हवी, तारखेसह, आणि नव्या हेक्झा टाकीला परवानगी आजपासून नको. हार्ड क्रोमला मुदत द्यावी, पण झाकणबंद टाकी, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची हवा आणि कंत्राटी कामगारासकट प्रत्येकाची नाकाची व फुफ्फुसाची नोंद, या अटींवर.

दराबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. हेक्झा स्वस्त आहे कारण त्याच्या खर्चाचा एक भाग कामगार आणि खालच्या गावातली विहीर भरतात; तो खर्च वर उचलायचा तर तो एकट्या प्लेटिंगवाल्याने उचलावा हे न्यायाचं नाही. ज्याच्या नावाची गाडी विकली जाते त्याने तो उचलावा. म्हणून शेवटची विनंती तुम्हाला नाही, तुमच्या गिऱ्हाइकांच्या डिझाइन आणि खरेदी विभागांना आहे. ड्रॉइंगवरून 'यलो' हा शब्द काढा. त्याजागी मिठाच्या फवाऱ्याचे किती तास हवेत ते लिहा, टाकी आणि माल दोन्ही हेक्झामुक्त हवेत अशी अट घाला, आणि किलोचा दर त्याच कागदावर नव्याने ठरवा.